अर्धा ग्रॅम तांबं

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एका प्रॅक्टिकलला सरांनी प्रत्येकाला तांब्याच्या तारेचा तुकडा दिला. माझा ०.५० ग्रॅम भरला. "पाच अभिक्रिया करायच्या आणि हेच तांबं मला परत आणून द्यायचं," सर म्हणाले.

तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये तार टाकली आणि तपकिरी धूर उसळला. हा नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी, म्हणून ही पायरी फ्यूम कपबोर्डमध्येच करायची. तार नाहीशी झाली, पाणी घातल्यावर द्रावण निळं झालं. त्यात कॉस्टिक सोडा ओतला की कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा, जेलीसारखा साका बसतो. इथपर्यंत सगळं सोपं.

खरी परीक्षा पुढच्या पायरीत होती. साका तापवला की त्यातलं पाणी निघून जातं आणि काळं कॉपर ऑक्साइड उरतं. तापवताना काचकांडी सतत फिरवावी लागते. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन आणि बर्नरच्या ज्योतीसाठी बंद ठेवलेले पंखे. घाम पुसायला मी दोन क्षण हात थांबवला आणि तळाशी अडकलेली वाफ एकदम उसळली. टेबलावर काळे शिंतोडे! त्या दिवशी शेवटी हाती आलं ०.३८ ग्रॅम, म्हणजे ७६ टक्के. घरी जाताना जोडबसवण्णा चौकापर्यंत तोच विचार डोक्यात होता.

त्या संध्याकाळी आजी चिंचेनं तांब्याचा हंडा घासत होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे तो हंडा कायम भरलेला असतो आणि काळवंडतो. चिंच लावली की काळा थर सुटतो आणि खालचं तांबं उजळतं. माझी चौथी पायरी हीच तर होती: काळं ऑक्साइड आम्लात विरघळवणं. आजीकडे चिंच, माझ्याकडे सल्फ्युरिक ॲसिड. मी तिला हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तू पण नीट घास की."

पुढच्या आठवड्यात सरांनी पुन्हा संधी दिली. या वेळी काचकांडी थांबली नाही. ऑक्साइड गरम पाण्यानं धुऊन, निथळून, सल्फ्युरिक ॲसिड घातलं आणि स्वच्छ निळं कॉपर सल्फेट मिळालं. मग जस्त. हायड्रोजनचे बुडबुडे, निळा रंग फिका होत गेला आणि तळाशी लालसर भुकटी साचू लागली. रंग गेला म्हणून मी थांबणार होते, पण सरांनी वरच्या द्रावणाचा एक थेंब अमोनियात टाकायला लावला. गडद निळा रंग आला! म्हणजे तांबं अजून द्रावणातच होतं. आणखी थोडं जस्त घातलं. नंतर उरलेलं जस्त ॲसिडनं संपवायचं, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत.

भुकटी धुऊन, वाफेवर वाळवून वजन केलं: ०.५३ ग्रॅम. दिलं त्यापेक्षा जास्त! मला आनंद झाला, सरांना नाही. भुकटी ओली होती. थेट ज्योतीवर वाळवली असती तर पुन्हा काळं ऑक्साइड झालं असतं, म्हणून पुन्हा वाफेवरच ठेवली. वजन स्थिर झालं ०.४७ वर. ९४ टक्के.

उरलेलं ०.०३ कुठं गेलं हे जर्नलमध्ये लिहायचं होतं. निथळलेलं पाणी मी फेकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो बीकर उजेडात धरला, तर तळाशी केसाएवढी लाल रेघ होती.