कानावर पडून येत नाही हो!

"तिथे राहिलीस की भाषा आपोआप येईल, कानावर पडली की झालं." जर्मनीला निघताना असं सांगणाऱ्या समस्त मंडळींना साष्टांग नमस्कार. कानावर पडतं, आणि पडून पुढे निघून जातं.

आमच्या जर्मनच्या वर्गात डिक्टोग्लॉस नावाचा छळवाद चालतो. बाई छोटा उतारा नेहमीच्या बोलण्याच्या वेगात दोनदा वाचतात. आपण सुटे शब्द टिपायचे, मग शेजारी बसलेल्याबरोबर डोकं लावून पूर्ण वाक्यं उभी करायची. हे आपलं श्रुतलेखन नव्हे. शब्द थांबून, पुन्हा सांगून मिळत नाही. उताऱ्याचा कागद मागितला तर बाई नुसत्या हसतात. फी भरून हे ऐकून घ्यायचं!

पण परवा गंमत झाली. वाक्य होतं, 'इश रूफे डिश मॉर्गन नाख डेअर आरबाइट आन.' उद्या काम झाल्यावर तुला फोन करते. दोन्ही वेळा अर्थ लख्ख कळला होता. लिहायला बसलो आणि अडलो. नुसतं 'रूफे' म्हणजे हाक मारणं, मग फोन कुठून आला? शेजारीण म्हणे काहीतरी राहिलंय, मी म्हणे काही नाही राहिलं. बाईंनी तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा शेवटचा 'आन' इतका स्वच्छ ऐकू आला की त्यांनी मुद्दाम जोर दिला असं वाटलं. दिला नव्हता. 'रूफे'ला 'आन' जोडला की हाकेचा फोन होतो आणि क्रियापदाचा हा तुकडा तुटून वाक्याच्या टोकाला जातो, हे मला तक्त्यातून पाठ होतं. कानाला मात्र त्याची गरजच पडली नव्हती, कारण 'उद्या', 'काम' आणि 'रूफे' एवढ्यावर अर्थ भागत होता. स्वतः वाक्य करताना तसं भागत नाही.

कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांना समजायचं उत्तम, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण लंगडं. स्वतः वाक्य करावं लागलं की आपल्याला काय येत नाही ते टोचतं, आणि पुढच्या वेळी कान नेमका तिथेच जातो.

आता आपल्या बाजूनेही बोलते. नपुंसकलिंग ऐकून वर्गातले स्पॅनिशभाषक कपाळाला हात लावतात, आपण ते लहानपणापासून वापरतो. वाक्याच्या शेवटी क्रियापद, विभक्ती, सगळं घरचंच. शाळेत घोकलेली संस्कृत रूपं कुणी हसण्यावारी नेऊ नयेत. मात्र 'मिट डेम' (एकवचन) आणि 'मिट डेन' (अनेकवचन) यांतला शेवटचा म आणि न भरभर बोलण्यात वेगळा ऐकायला घोकंपट्टी पुरत नाही, हे मान्य.

आणि हो, मी वर्गात कमी बोलते म्हणून बाई मला टोकतात. पण लिहिणंही वाक्य करणंच आहे ना? हवामानाच्या बातम्या लावण्याआधी मी उद्याच्या पावसावर दोन ओळी खरडते, अडते तिथे रिकामी जागा सोडते आणि मग बातम्या ऐकते. निवेदिका कधी कधी ती जागा भरून देते. नाही दिली तर दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा. 'आन' आता रोज ऐकू येतो. फोनवर बोलताना माझ्या वाक्यातून तो अजून अधूनमधून गळतो, आणि समोरच्याला तरीही कळतं, हीच तर पंचाईत आहे.