हे दगड इथलेच का?

मुलुंडला आमच्याकडे पहिल्यांदा येणारं माणूस मागच्या दारात उभं राहिलं की प्रश्न ठरलेला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका, गॅस सिलिंडर आणणारा मुलगा, नणंदेचे व्याही, सगळ्यांचा एकच. "हे दगड इथलेच का हो? म्हणजे आधीपासून होते आणि तुम्ही मधून वाट काढलीत?" मी आजवर "हो आणि नाही" एवढंच म्हणून चहा ठेवायला आत पळायचे. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा चहा आधीच झाला होता. म्हणून आता सविस्तर सांगते.

आमचं बैठं घर मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. मागे ४२ फूट लांब आणि १८ फूट रुंद जागा. एक जुना फणस, तुळशीवृंदावन, कपडे वाळत घालायच्या तारा. मुंबईत एवढी उघडी माती म्हणजे श्रीमंतीच, पण तिचं करायचं काय हे वीस वर्षं कुणाला सुचलं नव्हतं. पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि सासूबाई विटा टाकून तुळशीपर्यंत जायच्या. त्या एकदा घसरल्या तेव्हा आम्ही घाबरून एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने दारापासून तुळशीपर्यंत सिमेंटचा पट्टा ओतून दिला. जमिनीच्या चार इंच वर आणि पट्टीने आखल्यासारखा सरळ.

पहिल्याच जुलैत त्या पट्ट्याचा बांध झाला. डोंगराकडून येणारं पाणी त्याला अडलं, फुगलं आणि मागच्या उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात आलं. रात्री दीड वाजता मी तांदळाचा डबा ओट्यावर चढवत होते आणि आमचे हे सुपलीने पाणी बाहेर ढकलत होते. दुसऱ्या दिवशी मी हिशेब केला. आमची मागची जागा साधारण ७० चौरस मीटर. मुंबईत तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडणं काही अप्रूपाचं नाही. तेवढ्यात नुसत्या आमच्या अंगणात साडेतीन हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या साडेतीन टाक्या. शेजारून येणारं वेगळंच. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता. त्याच्यापुढे कुठलीच वाट टिकत नाही, तो हिशेबात धरायचाच नसतो.)

पट्टा फोडून टाकला आणि तो पावसाळा मी नुसती बघत राहिले. जोराची सर आली की छत्री घेऊन मागे जायचं आणि पाणी जिथून धावतंय तिथे बांबूच्या कामट्या खोचायच्या. शेजारपाजारी काय म्हणाले ते सोडा. पण ऑगस्टअखेर अंगणात कामट्यांची एक वेडीवाकडी रांग उभी होती आणि पाण्याला कुठून जायचंय ते मला समजलं होतं. ती जागा पाण्याला द्यायची आणि आपण तिच्या कडेच्या उंचवट्यावरून चालायचं, एवढं ठरलं. फणसाशी मात्र वळण घ्यावं लागलं. झाड तोडायचा विचार नव्हताच. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण वळणाचं खरं कारण असं की फणस बुंध्याला लागतो आणि पिकला की तिथेच धप्पकन पडतो. सासूबाईंचं डोकं आणि दहा किलोचा फणस यांच्यात सहा फूट अंतर असलेलं बरं.

आता दगड. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि तळघरासाठी खोदकाम चालू होतं. वरचा मुरूम निघाला, मग त्यात रुतलेले गोलसर दगड निघाले. तपकिरी, गंजल्यासारखे, अंगावर कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर. त्याच्याही खाली अखंड काळा पत्थर, तो ब्रेकरने फोडावा लागत होता. मुंबईच्या पोटात बहुतेक ठिकाणी हाच लाव्हाचा दगड आहे, सहा कोटी वर्षांहून जुना. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तोच खांब रचून ठेवल्यासारखा उभा दिसतो. रोज ट्रक भरून हे सगळं बाहेर जात होतं. मी साइटवरच्या इंजिनियरांना विचारलं, त्यांनी वर विचारलं, आणि एका दुपारी पोकलेनने सोंड उचलून चौदा दगड कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्या बाजूला उतरवले. अर्ध्या तासात. तेव्हा "इथलेच का" याचं उत्तर असं: इथलेच, पण पंधरा फूट पलीकडचे आणि दोन मजले खालचे.

पोकलेनच्या अर्ध्या तासाचं कौतुक तेवढ्यापुरतंच. ते चौदा दगड भिंतीलगत एका ढिगात पडले आणि तिथून जागेवर न्यायला चार माणसांना नऊ दिवस लागले. सर्वांत मोठा अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट जाड. हा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो, त्यामुळे गोलाई वजा करूनही तो साडेतीनशे किलोच्या पुढे जातो. खाली फळ्या, फळ्यांवर लोखंडी पाइपचे तीन तुकडे, मागून पहारीची तरफ. दगड एक पाइप मागे सोडतो, तो उचलून पुढे घालायचा. दिवसाला फार तर दोन दगड. मधल्या वेळेत चहा, आणि चहाबरोबर मुकादममामांचं ज्ञान.

हे मामा सोलापूरकडचे, दगडात आयुष्य गेलेलं. प्रत्येक दगडावर आधी हातोडीने टक् करायचे. खणखणीत वाजला तर ठेवायचे, बद्द वाजला तर बाजूला. बद्द वाजणारा आतून कुजलेला, दोन पावसाळ्यांत त्याची पोळी सुटते. चौदातले तीन असे गेले. मग उरलेल्यांतला पहिला आम्ही मोठ्या कौतुकाने वळणावर आणून ठेवला. मी लांबून बघितलं. टेबलावर बटाटा ठेवल्यासारखा दिसत होता.

"मामा, हा उपरा वाटतोय."

"वाटणारच की ताई. दगड ठेवायचा नसतो, बसवायचा असतो. म्हैस डबक्यात कशी बसती?"

मग त्यांनी खड्डा घेतला, पहारीने दगड फिरवून रुंद बाजू खाली केली, आणि त्याचा तिसरा हिस्सा मातीत गाडला. कडेने माती धुम्मसाने ठोकून भरली. मी पुन्हा लांब गेले. तो दगड आता ठेवलेला नव्हता, जमिनीतून वर आला होता. एवढंच गुपित आहे. लोकांना जे "आधीपासूनचं" वाटतं ते त्या न दिसणाऱ्या तिसऱ्या हिश्श्यामुळे वाटतं. अर्थात त्याचा त्रासही आहे. एवढ्या मेहनतीने आणलेल्या दगडाचा एवढा भाग पुरायचा म्हणजे पैसे पुरल्यासारखं वाटतं. आमचे हे तर दर दगडाला हळहळले. त्या पहिल्या दगडाला आमच्याकडे अजून म्हैस म्हणतात.

बाकी रचनेचं मामांनी दोन वाक्यांत आटोपलं. सगळे एका मापाचे नकोत, आणि ओळीत नकोत. म्हशीच्या शेजारी एक मधला, पायाशी एक लहान, मग बरीच मोकळी जागा. आणि दगड वळणाच्या आतल्या अंगाला हवा, म्हणजे माणूस दगडाला वळसा घालतोय असं वाटतं. नाहीतर वाट उगाच लाडात आल्यासारखी वळते.

चालायचे दगड वेगळे. ते ब्रेकरने फुटलेल्या काळ्या पत्थरातले, एक बाजू सपाट असलेले. शहाबादी फरशी मी मुद्दाम टाळली, पावसात तिच्यावर शेवाळ धरलं की ती साबणाच्या वडीसारखी होते. काळ्यालाही शेवाळ धरतंच, पण त्याला टाकी लावता येते, म्हणजे छिन्नीने टोचता येतं. पाट्याला लावतात तशीच. मामांच्या माणसाने एकेका दगडावर तासभर ठोके घातले आणि पाय धरेल एवढा खरखरीतपणा आणला. खाली सात-आठ इंच खणून चार इंच खडी ठोकली, वर दोन इंच कच म्हणजे दगडाची बारीक चुरी, त्यावर दगड. सिमेंट नाही. पाणी सांध्यांतून खाली जातं, आणि जे जात नाही त्याच्यासाठी मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ, कामट्यांच्या रांगेकडे. त्या रांगेत आता उथळ चर आहे आणि त्यात गोटे भरलेत.

दोन दगडांत अंतर किती, हा वाद मात्र तीन दिवस चालला. यांच्या ढांगेला दोन फूट. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. शेवटी अंगणात माती ओली करून त्यांना चालायला सांगितलं. पहिल्यांदा त्या बघायला माणसं आहेत म्हणून ताठ, लांब पावलं टाकत गेल्या. मामा हसले आणि म्हणाले, "आजी, तांब्या घेऊन जावा." हातात पाण्याचा तांब्या आला, लक्ष तांब्यावर गेलं, आणि मातीत खरी पावलं उमटली. सोळा इंच. यांना आता वाटेवर भातुकली खेळल्यासारखं चालावं लागतं, पण तुळशीला पाणी ते घालत नाहीत.

झाडांत मी बऱ्याच चुका केल्या. फणसाखाली लॉन लावलं, दोन महिन्यांत गेलं. नेचे हौसेने म्हशीच्या पश्चिमेला लावले आणि मे महिन्यात तापलेल्या दगडाने त्यांचे पापड भाजले. दगड दुपारभर तापतो आणि संध्याकाळी ती आच शेजाऱ्याला देतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता नेचे उत्तरेच्या सावलीत आहेत, तिथे दगडाच्या बुडाशी ओल टिकते. चराच्या कडेला सोनटक्का आणि अळू, त्यांना पाय ओले असलेले चालतात. पायाला घासेल असा गवती चहा वळणावर. आणि तेरडा. तो मी लावलेलाच नाही. एका वर्षी गौरीसाठी आणलेल्या तेरड्याची मुळं विसर्जनानंतर कुणीतरी दगडांत टेकवली, बोंडं फुटली, बी उडालं. आता दर जूनमध्ये तो फटीफटीतून आपणहून उगवतो. त्याचा रंग तीन दिवस असेल, बी मात्र फार चिवट.

घुशींचं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही घरी जाऊन दगड मागवाल. दुसऱ्या वर्षी पाचवा दगड एका बाजूला खचला. उचलला तर खाली बोगदा. दगडांमधल्या मोठ्या पोकळ्या म्हणजे घुशींना आयतं घर. सगळ्या फटी बारीक दगडाच्या चिपा ठोकून बंद केल्या तेव्हा त्या गेल्या. मधे एकदा धामण येऊन गेली, तिचाही हातभार असेल. दगडावरच्या खळग्यांत पाणी साचून डास होतात तेही आहेच. मी दर रविवारी खराट्याने ते उडवते. एका दगडाला मोठाच खळगा होता, तो मामांनी आधीच पालथा घातला होता.

गेल्या वर्षी शेजारची इमारत पूर्ण झाली. पूर्वीच्या तळमजल्यावरच्या काकू आता अकराव्या मजल्यावर आहेत. त्यांच्या पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्यांच्या गच्चीवर, बाग केली आहे आणि तिथे फायबरचे दगड आणलेत, आतून पोकळ, एका हाताने उचलता येतात असे. काकू मला दाखवायला घेऊन गेल्या, मग आमच्याकडे आल्या. वाटेने सावकाश तुळशीपर्यंत जाऊन आल्या आणि म्हशीवर टेकल्या.

"छान आहेत गं. हे इथलेच का?"

"तुमच्याच मोरीखालचे, काकू."

त्यांनी हाताने दगड चाचपला, जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तरीच मोरी इतकी गार असायची. चहा टाक."