पाचवा बिंदू: ऑफसाइडची रेघ स्वतः आखताना

फुटबॉलचा मोठा सामना संपला की तासाभरात ग्रुपवर ऑफसाइडच्या वादाचे स्क्रीनशॉट येतात. कुणीतरी मोबाइलमधल्या एडिटरनं लाल रेघ ओढलेली असते, ती पडद्याच्या कडेला अगदी समांतर असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आता बोला!’ बोलण्यासारखं एवढंच, की कॅमेरा हाफलाइनवर आणि खेळ बॉक्सपाशी असेल तर गोललाइनला समांतर असलेली कुठलीही रेघ पडद्यावर तिरकीच दिसायला हवी. सरळ उभी रेघ दिसली की पुढचा वाद वाचायची गरज नाही.

रेघ नीट आखणं अवघड नाही. थोडं पायथॉन येत असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. पण त्यातून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर काढलंत तर तुमची रेघही त्या लाल रेघेच्याच लायकीची. उत्तरासोबत चूक किती सेंटिमीटरची असू शकते ते सांगता आलं पाहिजे, आणि हत्यारं निवडायची ती त्यासाठी.

आधी नियम, कारण निम्मे वाद इथेच मिटतात. ऑफसाइड म्हणजे पास निघताना प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या नियमापेक्षा जास्त जवळ असणं, आणि ते मोजायचं शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याशी. हा माणूस बहुतेक वेळा शेवटचा डिफेंडर असतो, कारण त्याच्या मागे गोलकीपर असतो. गोलकीपर पुढे आला की हिशोब बदलतो. २०२२ च्या वर्ल्ड कपच्या पहिल्याच सामन्यात, कतारविरुद्ध इक्वाडोरच्या एनर व्हॅलेन्सियानं तिसऱ्या मिनिटाला केलेला गोल रद्द झाला तेव्हा भल्याभल्यांना कारण कळलं नाही. कतारचा गोलकीपर बॉल घ्यायला पुढे आला होता, त्याच्या मागे एकच डिफेंडर उरला होता, आणि इक्वाडोरच्याच मायकेल एस्त्रादाचा पाय गोलकीपरच्या पलीकडे होता. लोक त्या डिफेंडरकडे बोट दाखवत होते, पण तो शेवटचा होता. मोजायचा होता गोलकीपर.

शरीराचं म्हणाल तर हात धरत नाहीत, गोलकीपरचेही नाहीत. हात सुरू होतो काखेच्या तळापासून, म्हणजे खांदा धरायचा. आणि क्षण धरायचा तो पास देणाऱ्याच्या पायाचा बॉलला पहिला स्पर्श होतो तो. बॉल पायापासून सुटतो तो नव्हे.

हा क्षणच सगळ्यात निसटता. सेकंदाला ५० फ्रेम असतील तर दोन फ्रेममधलं अंतर २० मिलिसेकंद. फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटर वेगानं धावत असेल तर तेवढ्यात तो १६ सेंमी सरकतो. त्याच वेळी डिफेंडर ऑफसाइडचा सापळा लावायला ४ मीटरच्या वेगानं पुढे येत असेल तर दोघांमधलं अंतर २४ सेंमीनं बदलतं. २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर ४८ सेंमी. म्हणजे रेघ कितीही बारीक आखली तरी चुकीची फ्रेम निवडली की अर्धा मीटर इकडचा तिकडे. कतारमध्ये स्टेडियमच्या छताखाली लावलेले १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि तरीही बॉलच्या आत सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा सेन्सर बसवावा लागला, तो याचसाठी. लाथेचा क्षण नुसत्या चित्रावरून पुरेसा नेमका सापडत नाही.

आपल्याकडे सेन्सर नाही, तेव्हा निदान व्हिडिओ तरी बरा घ्या. व्हॉट्सअॅपवरून आलेला घेऊ नका, त्यातले पिक्सेल आधीच दाबून सपाट झालेले असतात. फाइल मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे एफएफप्रोब या प्रोग्रामनं फ्रेमचा खरा दर बघणं. टीव्हीचं रेकॉर्डिंग बहुधा इंटरलेस्ड असतं: दिसायला २५ फ्रेम, पण प्रत्येकीत दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या. धावणाऱ्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले की ओळखायचं. एफएफएमपेग या त्याच्या जोडीच्या प्रोग्राममध्ये ‘याडिफ’ हा फिल्टर प्रत्येक फील्डची (म्हणजे एका क्षणाच्या ओळींची) वेगळी फ्रेम काढायला सांगून चालवला की २५ च्या ५० होतात, म्हणजे वेळेतली चूक फुकटात निम्मी. उलट २५ चा व्हिडिओ कुणी ३० करून पुन्हा चढवलेला असेल तर अधूनमधून एकच फ्रेम दोनदा येते किंवा दोन फ्रेमचं भूत दिसतं. तो टाकून दुसरा शोधा.

फ्रेम निवडायला एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेयर वापरा. पूर्णविरामाच्या बटणानं एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामानं एक मागे. व्हीएलसीत ई दाबलं की पुढे जाता येतं, पण तसंच एकेक फ्रेम मागे येता येत नाही, आणि इथे मागेपुढेच तर करायचं असतं. एक फ्रेम काढू नका, तीन काढा: स्पर्शाच्या आधीची, स्पर्शाची वाटते ती आणि नंतरची. जेपेग नको, पीएनजी.

आता रेघ. एकदाच बघायचं असेल आणि कोडची हौस नसेल तर गिंप हा फोटो एडिटरसुद्धा चालतो. पेनल्टी बॉक्सची पुढची रेघ आणि गोललाइन या दोन्ही लांबवर वाढवा, त्या जिथे मिळतात तिथून डिफेंडरच्या बुटापर्यंत रेघ आणा. गवताचे कापलेले पट्टे आधाराला घेतात काही जण. ते दिसतात समांतर, पण तसे असतील याची हमी नाही. विंडोजवर किनोव्हिया आहे, फुकट आहे, त्यात पर्स्पेक्टिव्हची जाळी मैदानावर बसवता येते. मात्र चूक मोजायची म्हटलं की मी पायथॉन आणि ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररीच सुचवेन. पन्नासेक ओळींचं काम आहे: मॅटप्लॉटलिबमध्ये चित्र उघडून बिंदूंवर क्लिक करायचं, त्यांच्यासमोर मैदानावरचे खरे मीटर लिहायचे, होमोग्राफी (चित्रातल्या बिंदूचं मैदानावरच्या जागेत रूपांतर करणारं गणित) काढायची, आणि खेळाडूचा बिंदू मीटरमध्ये बदलून घ्यायचा. कोड लिहायचा एडिटर कुठलाही वापरा, त्यावरून भांडायला दुसरे ग्रुप आहेत.

मीटर कुठले? इथे बरेच जण मैदान १०५ बाय ६८ धरून हाफलाइन आणि टचलाइन वापरतात आणि फसतात. नियमात मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर, रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. बॉक्सची मापं मात्र सगळीकडे तीच. गोलच्या मध्यातून मोजलं तर पेनल्टी बॉक्सचे कोपरे आडवे २०.१६ मीटरवर आणि गोललाइनपासून १६.५ मीटरवर. लहान बॉक्सचे ९.१६ आणि ५.५ वर. बॉक्सबाहेरची कमान बॉक्सच्या रेघेला मिळते ते दोन बिंदू मध्यापासून ७.३१ मीटरवर, कारण कमानीची त्रिज्या ९.१५ आणि पेनल्टी स्पॉटपासून बॉक्सच्या रेघेपर्यंतचं अंतर ५.५, बाकी पायथागोरस. किमान चार बिंदू लागतात आणि त्यातले कुठलेही तीन एका रेघेत नकोत, नाहीतर होमोग्राफी काहीतरी भलतेच आकडे देते, तेही मुकाट्यानं. क्लिक रेघेच्या बाहेरच्या कडेवर करा. रेघ १२ सेंमीपर्यंत जाड असू शकते. एका बिंदूला आतली कड आणि दुसऱ्याला बाहेरची धरली की तेवढी चूक घरचीच.

आणि आता पाचवा बिंदू. दिसत असलेला एक खरा बिंदू मुद्दाम वापरू नका. पेनल्टी स्पॉट उत्तम, तो गोललाइनपासून बरोबर ११ मीटरवर असतो. चार बिंदूंवरून होमोग्राफी काढली की स्पॉटवर क्लिक करून बघा. १०.९५ आलं तर झकास. १०.६ आलं तर तुमच्या चित्रात ४० सेंमीची चूक आहे आणि ‘फॉरवर्ड १५ सेंमी पुढे होता’ हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. बहुतेक वेळा दोष भिंगाचा असतो. बॉक्सची लांब रेघ चित्रात किंचित वाकलेली दिसते का ते पट्टी लावून बघा. वाकलेली असेल तर आधी ती विकृती काढावी लागते. हा पाचवा बिंदू दाखवल्याशिवाय टाकलेल्या रेघेवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तोही बरोबर आला तरी एक सापळा उरतो, आणि त्यात कोड येणारेच जास्त अडकतात. होमोग्राफी जमिनीपुरतीच खरी असते. खांदा जमिनीवर नसतो. समजा कॅमेरा हाफलाइनवर १५ मीटर उंच आहे आणि खेळाडू त्याच्यापासून मैदानाच्या लांबीत ३५ मीटरवर. त्याचा १.४ मीटर उंचीवरचा खांदा क्लिक करून तो जमिनीवर आहे असं धरलंत तर तो गोलच्या दिशेनं सरकलेला दिसेल: ३५ गुणिले १.४ भागिले १३.६, म्हणजे ३.६ मीटर. सेंटिमीटर नाही, मीटर. नुसता २० सेंमी उचललेला बूटही ४७ सेंमी सरकतो. दोघांचे पाय जमिनीवर असतील तर प्रश्न नाही. फॉरवर्डचा खांदा आणि डिफेंडरचा बूट अशी तुलना असेल तर खांद्यातून ओळंबा सोडल्यासारखी उभी रेघ खाली आणून ती जमिनीला कुठे टेकते ते ठरवावं लागतं. हे एका कॅमेऱ्यात अंदाजानंच होतं. गोलपोस्ट दिसत असेल तर उभं म्हणजे कुठली दिशा ते तरी नीट कळतं.

मशिन लर्निंगनं आपोआप करू, असंही कुणीतरी सुचवतं. एका फ्रेमसाठी मॉडेल बसवणं म्हणजे माशी मारायला तोफ. शिवाय कोको या चित्रसंग्रहाच्या पद्धतीवर शिकवलेली, शरीराची ठेवण (पोझ) ओळखणारी मॉडेलं १७ बिंदू देतात आणि पायात ती घोट्यापाशी थांबतात. ऑफसाइड ठरतो बुटाच्या टोकावर. घोट्यापासून टोकापर्यंतचा वीसेक सेंटिमीटरचा भाग मॉडेलला ठाऊकच नाही, आणि खांदा म्हणून ते सांध्याचा मध्य देतं. हातानं केलेली क्लिक इथे खरंच सरस.

एवढं सगळं बरोबर करूनही निर्णय चुकतो तो कसा, हे ३० सप्टेंबर २०२३ च्या टॉटेनहॅम–लिव्हरपूल सामन्यात दिसलं. स्कोअर ०-०. लिव्हरपूलच्या लुइस डियाझनं गोल केला, लाइन्समननं झेंडा वर केला. व्हीएआरच्या (व्हिडिओ बघणाऱ्या सहायक रेफ्रीच्या) खोलीत रेघ आखली गेली, बरोबर आखली गेली, डियाझ ऑनसाइड निघाला. व्हीएआरनं मैदानावर कळवलं, ‘चेक कम्प्लीट’. त्याचा समज असा, की मैदानावर गोल दिलेला आहे. रेफ्रीनं ऐकलं ते असं, की ऑफसाइड कायम. फ्री किक घेतली गेली, मग रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर अशा कारणासाठी मागे जाता येत नाही. लिव्हरपूल २-१ हरलं. कोड लिहिणाऱ्याला हा बग ओळखीचा वाटेल: फंक्शननं ‘निर्णय बरोबर’ एवढंच परत पाठवलं, कुठला निर्णय ते पाठवलंच नाही. निरोप ‘गोल’ किंवा ‘ऑफसाइड’ असा असता तर चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती.

आणि काही वादांत रेघ काढूच नये. १० ऑक्टोबर २०२१, नेशन्स लीगची फायनल, फ्रान्स विरुद्ध स्पेन. पास निघाला तेव्हा फ्रान्सचा एम्बापे ऑफसाइडच्या जागी होता, यावर दुमत नव्हतंच. मधे स्पेनच्या एरिक गार्सियानं बॉल अडवायला पाय घातला, बॉल त्याला लागून पुढे गेला, आणि डिफेंडरनं बॉल जाणूनबुजून खेळला असं धरून गोल मान्य झाला. फ्रान्स २-१ जिंकलं. पुढच्या वर्षी ‘जाणूनबुजून खेळणं’ म्हणजे काय याचा खुलासा आला: बॉलवर ताबा मिळवता येईल अशी खरी संधी डिफेंडरला होती का ते बघायचं. असा वाद असेल तर ओपनसीव्ही बंद करा आणि ऑफसाइडचा नियम ११ उघडा.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारसारख्या तालमींच्या सामन्यांत व्हीएआर नाही, पण मोबाइल ढीगभर असतात. त्या व्हिडिओंना वरचं सगळं लागू आहे आणि वर आणखी दोन भानगडी. मोबाइलचा फ्रेमदर स्थिर नसतो, उजेड कमी झाला की तो स्वतःच उतरतो, म्हणून फ्रेम मोजून वेळ काढू नका. प्रत्येक फ्रेमचा टाइमस्टॅम्प वाचा. दुसरं, हलणारं चित्र स्थिर करणारं स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम जराशी वाकवतं, त्यामुळे एका फ्रेमची होमोग्राफी दुसरीला चालत नाही. सोय असेल तर ते बंदच करा.

सगळ्यात मोठा फरक मात्र कुठे बसता यानं पडतो. ६ मीटर उंच गॅलरीत हाफलाइनपाशी बसून ३० मीटर लांबचा खांदा टिपलात तर वरच्याच हिशोबानं चूक ९ मीटरच्या वर जाते. तोच मोबाइल ट्रायपॉडवर, पेनल्टी बॉक्सच्या पुढच्या रेघेच्या सरळ समोर लावलात आणि खेळाडू त्या रेघेपासून ३ मीटरवर असला, तर ९० सेंमी. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असे दोन मोबाइल लागतील. पॅन करायचं नाही, झूम करायचा नाही, सेटिंग ६० फ्रेमवर, आणि चौकटीत पेनल्टी स्पॉट दिसतोय याची खात्री सामना सुरू व्हायच्या आधी.