टेकपासून पीडीएफपर्यंत
नाशिकमधील आमच्या वाचनालयाची स्मरणिका मी टेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत जुळवतो आणि तिची पीडीएफ टर्मिनलवरच, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतच, तयार करतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या १९७८ मधील टेकपासून पीडीएफपर्यंतची जुनी वाट लांबची आहे: आधी डीव्हीआय ही मधली फाइल, मग डीव्हीआयपीएस या आज्ञेने तिची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची फाइल, शेवटी पीएसटूपीडीएफ या आज्ञेने पीडीएफ. देवनागरीसाठी मात्र २००४ साली आलेले झीटेक हे टेकचे नवे रूपच मला योग्य वाटते, कारण ते युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली) मजकूर थेट वाचते आणि ‘क्ष्म’, ‘र्‍या’ यांसारखी जोडाक्षरे फॉन्टमधील नियमांनुसार जुळवते. अनुक्रमणिका नीट येण्यासाठी झीटेकची आज्ञा किमान दोनदा चालवावी लागते. फाइल छापखान्यात धाडण्यापूर्वी पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा देऊन प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत आहे ना, हे मी आवर्जून पाहतो. तो नसेल, तर तिकडच्या संगणकावर दुसराच फॉन्ट येऊन वेलांट्या भलतीकडे सरकू शकतात.