फळ्यावरचा कांदा आणि जगदीश भगवती

मुंबईतल्या एका महाविद्यालयात तृतीय वर्षाला आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र शिकवताना अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींचा 1958 सालचा सिद्धांत आला, की आकृती काढण्याआधी मी फळ्यावर ‘कांदा’ एवढाच शब्द लिहीत असे. निफाडकडची एक विद्यार्थिनी एकदा पटकन म्हणाली, “सर, आमच्याकडे पीक चांगलं आलं की घरात काळजी सुरू होते.” एकट्या शेतकऱ्याने पीक वाढवले तर भाव हलत नाही, पण साऱ्या जिल्ह्याचा माल एकाच वेळी बाजार समितीत उतरला, की जास्त क्विंटल विकूनही हाती कमी पैसे येतात. भगवतींनी हे देशाच्या बाबतीत मांडले. निर्यातीच्या मालाचे उत्पादन वाढले आणि भाव उतरूनही परदेशातील मागणी फारशी वाढली नाही, तर व्यापारशर्ती (निर्यातीच्या भावाचे आयातीच्या भावाशी असलेले प्रमाण) इतक्या बिघडू शकतात की वाढीचा सारा लाभ वाहून जाऊन देश पूर्वीपेक्षा गरीब होतो. हे लिहिले तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती.

मुंबईत 1934 साली जन्मलेले भगवती सिडनहॅम महाविद्यालयातून केंब्रिजला आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटीला गेले; 1968 नंतर ते एमआयटीत आणि 1980 पासून कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. मला मात्र मधला दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा काळ सर्वांत मोलाचा वाटतो. अर्थतज्ज्ञ व्ही. के. रामस्वामींसह त्यांनी 1963 साली दाखवले, की दोष देशांतर्गत बाजारात असेल तर उपायही तिथेच, अनुदानाने वा कराने, करावा. आयातशुल्काने बाजारातली एक विकृती झाकताना दुसरी उभी राहते. “वाढीने देश गरीब होत असेल, तर मग वाढच नको का?” असे वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारी. त्याचे उत्तर त्यांच्याच 1968 सालच्या लेखात आहे: नुकसानीचे मूळ वाढीत नसून आधीपासून चुकीच्या असलेल्या धोरणात असते.

अर्थतज्ज्ञ पद्मा देसाईंसह त्यांनी 1970 साली भारतातल्या तेव्हाच्या परवाना पद्धतीची चिकित्सा केली, ती मला घरची वाटली. आयातीसाठी वस्तू अत्यावश्यक आहे आणि ती देशात मिळत नाही, हे सिद्ध करावे लागे. त्यामुळे देशी माल कितीही महाग वा निकृष्ट असला तरी त्याला आपोआप संरक्षण मिळे. लालबागला माझ्या काकांचा छोटा कारखाना होता. लेथच्या एका सुट्या भागाचा त्यांचा अर्ज ‘देशात उपलब्ध’ या शेऱ्यासह परत आला. देशी भाग तीन महिन्यांत झिजला, तेव्हा लेथवर गोणपाट टाकून काका दुसरा अर्ज टंकलिखित करून घ्यायला फोर्टात गेले.