स्विफ्टची चाकं: १४ वरून १५ वर, १६ ला हात जोडून

७१,४०० किमी, एप्रिल

गाडी २०१५ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. कंपनीने दिलेल्या १४ इंची लोखंडी डिस्क (म्हणजे रिम), टायर १६५/८० आर १४. सध्याचा सेट दुसरा. परवा गाडी धुताना टायरवरचा चार आकडी कोड घासून वाचला: ३२१९, म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी अजून तीन मिमी शिल्लक आहे, कायद्याला १.६ चालते. पण खाचांच्या बुडाशी बारीक चिरा पडल्यात आणि रबराला नख रुतत नाही. गेल्या पावसाळ्यात सिंहगड रोडच्या सिग्नलला ब्रेक दाबल्यावर गाडी चांगली हातभर घसरत जाऊन थांबली होती. पुढचा पावसाळा या टायरवर काढायचा नाही हे तेव्हाच ठरलं.

टायर बदलायचेच आहेत तर आकारही बघू या, असं म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. खर्च वाढायला सुरुवात झाली ती इथून.

१६५ ही टायरची रुंदी मिमीत. तिचे ८० टक्के १३२ मिमी, ही साइडवॉल, म्हणजे रिमपासून वरची टायरची उंची. ती वर एक, खाली एक, म्हणजे २६४. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवा: अख्खं चाक ६१९.६ मिमी. नवा आकार कुठलाही घ्या, व्यास याच्या जवळपास हवा, कारण स्पीडोमीटर आणि गिअरचं गणित त्यावर बसवलेलं आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय. पहिला १८५/७० आर १४: व्यास ६१४.६, आहे त्याच पाच इंची रुंद डिस्कवर बसतो, खर्च फक्त टायरचा. दुसरा १८५/६५ आर १५: ६२१.५. कंपनी हाच आकार स्विफ्टच्या वरच्या प्रकाराला, झेडएक्सआयला देते. तिसरा १९५/५५ आर १६: ६२०.९. तिघांचाही फरक एक टक्क्याच्या आत. म्हणजे व्यासाच्या परीक्षेत तिघेही पास आणि निवड करायला त्या गणिताचा काडीचा उपयोग नाही.

फरक दिसतो तो साइडवॉलमध्ये. १२९.५, १२०.२५ आणि १०७.२५. मूळ टायरच्या १३२ शी सोळाची तुलना केली तर जवळपास अडीच सेंटीमीटर रबर आणि हवा गायब, आणि त्या जागी धातू.

७१,६५० किमी, मे

तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानातले काका गाडीकडे एकदा बघून म्हणाले, "साहेब, सोळा टाका. गाडी खुलून दिसेल."

"काका, आणि चेंबरच्या झाकणात गेली तर?"

"जरा बघून चालवायची."

पुण्यात बघून चालवायची म्हणजे काय, हे धायरी ते खराडी रोज करून बघावं. खड्डा दिसतो तरी. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्यामुळे चार बोटं खाली राहिलेलं चेंबरचं झाकण पावसाच्या पाण्याखाली दिसतच नाही. ऑफिसातल्या एका मित्राने हौसेने सोळा टाकले होते. पहिल्याच जुलैत एका अलॉयची कड वाकली आणि दुसऱ्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले. तो टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. उंच साइडवॉल असली की तीच दबून मार खाते. ती बुटकी असली की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाते. सोळा तिथेच बाद. शोभेची गाडी असती तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दुकानात १९५/६५ आर १५ स्टॉकमध्ये होता म्हणून तो गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. "एकच नंबर वर आहे." हिशोब केला: ६३४.५ मिमी, म्हणजे २.४ टक्के मोठा. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी मूळ टायरपेक्षा दोन किमीने जास्त पळत असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासायची भीती वेगळीच. नको म्हटलं.

राहिले दोन. खरं सांगायचं तर शहाणपणाचा पर्याय १८५/७० आर १४ हाच होता. रुंदी वाढते, साइडवॉल जवळपास तेवढीच राहते, डिस्क जुन्याच. कुणी फक्त ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी विचारलं तर मी आजही तेच सांगेन. पण दहा वर्षं लोखंडी डिस्कवरच्या प्लास्टिकच्या टोप्या बघून कंटाळलो होतो. मोह दिसण्याचाच होता, उगाच तांत्रिक कारणांचा आव कशाला आणा.

पंधराच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मात्र होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत नकोत. १८५/६५ आर १५ हा याच मॉडेलला कंपनीनेच दिलेला आकार आहे. तरी विमा कंपनीला ईमेल करून कळवलं आणि पोच जपून ठेवली. पाच मिनिटांचं काम आहे, करा.

भारांकही तपासला. जुन्या टायरवर ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. नव्यावर ८८, म्हणजे ५६०. मूळ भारांकाच्या खाली कधी जाऊ नये, वर गेलं तर चालतं. आयएसआयची खूण, उत्पादनाचा आठवडा (मला सात आठवड्यांपूर्वीचे मिळाले), एवढं बघून टायर पक्के केले.

७१,९०० किमी, मेअखेर

अलॉय शोधताना आधी झेडएक्सआयचे कंपनीचेच जुने मिळतात का बघितलं. मिळाले, पण चारातला एक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवल्यावर सापासारखा वळवळत होता. सोडून दिले. मग बाजारातले नवे घेतले: १५ इंच, सहा इंच रुंद, पीसीडी ४x१०० (चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर). टायर, अलॉय, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं धरून ४७ हजार गेले. घरात ३५ सांगितलेत.

ऑफसेटबद्दल, म्हणजे रिमच्या मध्यापासून तिची हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे त्याबद्दल, एक सांगून ठेवतो. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने वाढली की चाक आत आणि बाहेर सव्वासहा-सव्वासहा मिमी सरकतं. ऑफसेटचा आकडा जितक्या मिमीने कमी, तितकं ते आणखी बाहेर येतं. दोन्ही एकदम केलं की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, मागून येणाऱ्यावर चिखल उडतो आणि बेअरिंगवर नको तो ताण येतो. "फिट होतंय ना" एवढ्यावर समाधान मानू नका, जुन्या आणि नव्या रिमच्या मागचा शिक्का वाचा आणि वजाबाकी करा.

७२,१०० किमी, जून पहिला आठवडा

आता डोकेदुखीचा भाग.

नवे टायर बसवून पहिल्याच रविवारी नवले पूल, नवा कात्रज बोगदा, खेड-शिवापूर असा फेरा मारला. ७५ पर्यंत लोणी. ८५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, ९५ ला हात गुदगुल्या झाल्यासारखे. १०५ ला पुन्हा शांत. दुकानात परत गेलो, बॅलन्सिंग पुन्हा केलं. थरथर तशीच. तिसऱ्यांदा गेलो तर पोरगा म्हणाला, "दादा, मशीन शून्य दाखवतंय, आता तुमच्या गाडीतच काहीतरी असेल."

गाडीत काही नव्हतं. जुन्या डिस्क होत्या तोपर्यंत ती ११० ला ताकासारखी निवांत होती. घरी आलो, जॅक लावला, चाक काढलं आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो. चाक ज्यावर बसतं त्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमी. अलॉयच्या मधलं भोक ६७.१. तेरा मिमीचा फरक, म्हणजे सगळीकडून साडेसहा मिमी मोकळं.

कंपनीच्या डिस्कचं भोक हबवर नेमकं बसतं, त्यामुळे चाक आपोआप मध्यावर येतं. बाजारातली अलॉय एकाच साच्यातून अनेक गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवतात. मग चाक मध्यावर आणायचं काम चार नटांच्या निमुळत्या तोंडांवर येतं. चाक हवेत असताना नट हळूहळू समोरासमोर आवळले तर ते जमतंही. पण दुकानात एअर गनने पहिला नट कचकन आवळला की चाक त्या बाजूला ओढलं जातं आणि तिथेच अडकतं. अर्धा मिमी इकडे-तिकडे झालं तरी थरथर. बॅलन्सिंगच्या मशीनला हे कळत नाही, कारण मशीन चाकाला आपल्या शंकूवर अचूक मध्यावर धरतं. चूक गाडीवर बसवताना होते.

उपाय म्हणजे हब रिंग: बाहेरून ६७.१, आतून ५४.१. नाना पेठेत दोन तास फिरलो. एकाने बेअरिंगची रिंग दाखवली, एकाने "असं काही नसतं" म्हणून वाटेला लावलं. ऑनलाइन प्लास्टिकच्या मिळत होत्या. शेवटी भोसरीत एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर अॅल्युमिनियमच्या करून घेतल्या. आतल्या बाजूला केसभर जास्त जागा ठेवली, म्हणजे गंज धरल्यावर चाक हबला चिकटून बसणार नाही. चार रिंगा, एक शनिवार दुपार आणि दोन मिसळ.

बसवताना हब तारेच्या ब्रशने घासला, रिंगांना ग्रीसचा पातळ हात दिला, नट आधी हाताने, मग समोरासमोर, शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर. दुसऱ्या दिवशी तोच फेरा. ८५, ९५, १०५. काही नाही. बोगद्यात एकट्यानेच ओरडलो.

७४,३०० किमी, ऑगस्ट

पावसाळा निम्मा झाला. ओल्या रस्त्यावर ब्रेकिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातलं किती श्रेय रुंदीचं आणि किती निव्वळ नव्या रबराचं हे मला वेगळं काढता येत नाही. बहुतेक नव्या रबराचंच जास्त असावं. पार्किंग करताना स्टिअरिंग किंचित जड झालंय. पेठांतल्या सिमेंटच्या रस्त्यांवर आवाज वाढलाय, डांबरावर नाही.

राइडच्या बाबतीत माझ्या मताला अर्थ नाही, पैसे मी घातलेत. खरं मोजमाप मागच्या सीटवरची आई. तिला मणक्याचा त्रास आहे. चाकं बदलल्याचं न सांगता भोरला मामाकडे घेऊन गेलो. परत येताना म्हणाली, "गाडीत हवा जास्त भरलीस का रे?" उतरून तपासलं तर खरंच पंक्चरवाल्याने नेहमीप्रमाणे न विचारता पस्तीस ठोकले होते. दारावरच्या स्टिकरप्रमाणे उतरवली. पुढच्या वेळी ती काही बोलली नाही, आणि आई काही बोलली नाही म्हणजे पास.

आता अॅव्हरेज. आधी टाकी ते टाकी १७.२ यायचं, आता १६.५. सातशे मीटरने पडलं म्हणून वाईट वाटलं, मग डोक्यात प्रकाश पडला. जुने टायर झिजून तीन मिमीवर आले होते. नव्याची नक्षी आठ धरली तर दोन्ही बाजूंनी मिळून व्यास दहा मिमीने घटलेला, म्हणजे ६१९.६ नव्हे तर ६०९.६. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतरात जास्त फेरे होतात आणि ओडोमीटर अंतर फुगवून दाखवतो. आताचं चाक ६२१.५, फरक जवळपास दोन टक्के. म्हणजे आजचे १६.५ जुन्या मापाने १६.८ होतात. खरी घट ४०० मीटरची. झिजलेला आणि कोरा टायर यांच्यातला फरक मी ज्यावरून रात्र-रात्र जागलो त्या तिन्ही आकारांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला. तुमच्यापैकी कुणी नवे टायर टाकून अॅव्हरेज पडलं म्हणत असेल तर आधी ही दुरुस्ती करून बघा.

४०० मीटर रुंदीचे आणि वजनाचे. सामान तोलायच्या काट्याला टांगून बघितलं: जुनं चाक टायरसकट साडेतेरा किलोच्या आसपास, नवं पावणेपंधरा. अलॉय म्हणजे हलकं, हा समज स्वस्त अलॉयच्या बाबतीत सोडून द्यावा.

राहिलं काम स्टेपनीचं. ती जुनीच ठेवली आहे, १६५/८० आर १४, लोखंडी. व्यासात फरक ०.३ टक्के, त्यामुळे गाडी घरापर्यंत आणायला काही अडचण नाही. गेल्या रविवारी पार्किंगमध्ये चारही जागी लावून बघितली. तेव्हा लक्षात आलं की अलॉय काढताना हब रिंग कधी रिममध्ये राहते, कधी हबवर. हबवर राहिली तर लोखंडी डिस्क आत जातच नाही. रात्री पावसात वरंधा घाटात हे कळण्यापेक्षा इथे कळलं ते बरं. रिंग उचकायला एक चपटा स्क्रू ड्रायव्हर आता पान्याच्या पिशवीत टाकलाय.