मॉडेल ए हॉट रॉड: ड्रॅग लिंक तिरकीच राहू दे

मंडळी, मिशिगनमधल्या गॅरेजात हॉट रॉड (जुन्या गाडीत फेरफार करून बनवलेली वेगवान गाडी) होत असलेली १९३० ची फोर्ड मॉडेल ए कूपे एकदाची पुढच्या चाकांवर उभी राहिली. चार इंच ड्रॉपचा (गाडी तेवढी खाली बसवणारा) आय-बीम अ‍ॅक्सल, त्यावर आडवा पाटा (स्प्रिंग) आणि मूळ स्टिअरिंगच्या जागी शेवरले व्हेगा गाडीचा स्टिअरिंग बॉक्स. म्हणजे क्रॉस स्टिअर: बॉक्स डाव्या चॅसी रेलवर, ड्रॅग लिंक (बॉक्सची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आडवी जाऊन उजव्या चाकाच्या आर्मला. फोर्डने स्वतः १९३५ साली हीच मांडणी घेतली, त्यामुळे मूळ रूपाच्या कैवाऱ्यांनी मला माफ करावं.

आता बंप स्टिअर, म्हणजे स्टिअरिंग न फिरवताही खड्ड्यात चाकं आपोआप वळणं. अशा गाडीत तो शोधायला टो (दोन्ही चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरातला फरक) मोजून उपयोग नाही. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबरच वरखाली होतो, टो जसाच्या तसा राहतो आणि दोन्ही चाकं मिळून एकाच बाजूला वळतात. अलाइनमेंटचा कागद ठणठणीत, आणि गाडी मात्र प्रत्येक खड्ड्यात लेन सोडायला निघते. म्हणून पाट्याचं फक्त मुख्य पान ठेवलं, स्टिअरिंग बांधून टाकलं, चॅसीला समांतर दोरी ताणली आणि जॅकने अ‍ॅक्सल उचलत चाकाचा दोरीशी होणारा कोन बघितला.

माझी ड्रॅग लिंक ४० इंच लांब आहे आणि बॉक्सकडचं टोक ४ इंच वर आहे. अ‍ॅक्सल २ इंच वर आला की उजवं टोक सुमारे ०.१५ इंच बाहेर ढकललं जातं. सहा इंची स्टिअरिंग आर्मवर हे जवळजवळ दीड अंश होतं. हायवेवर दीड अंश म्हणजे थट्टा नाही. बऱ्याच जणांचा सल्ला असतो की लिंक सपाट करा. पण बॉक्स खाली घ्यायला माझ्याकडे जागाच नाही, आणि खरं तर गरजही नाही. लिंकचं टोक जेवढं सरकतं तेवढाच अ‍ॅक्सल त्याच दिशेला सरकला, तर चाक वळणारच नाही. हे काम पॅनहार्ड रॉडचं, म्हणजे अ‍ॅक्सलला चॅसीशी आडवं बांधणाऱ्या दांड्याचं. चॅसीकडचं टोक डावीकडे, अ‍ॅक्सलकडचं उजवीकडे. उलटं लावलंत तर चूक निस्तरण्याऐवजी दुप्पट होते.

इंजिनखालच्या ऑइल पॅनमुळे ४० इंची रॉड बसत नाही, ३६ इंची बसतो. हिशेब केला: उतार तोच ठेवला (३६ इंचांत ३.६ इंच) तर २ इंचांच्या उसळीत लिंक आणि रॉडच्या सरकण्यातला फरक ०.००६ इंचाहून कमी. उलट पूर्ण ४० इंची पण आडवा सपाट रॉड लावला असता, तर फरक ०.२ इंच, म्हणजे पॅनहार्डमुळे अ‍ॅक्सल जागेवर बांधला जाऊनही स्टिअरिंग आधीपेक्षा वाईट. लांबीपेक्षा उतार जुळवा. पुण्याकडे जीपला लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारा दुवा) लावून उंच करणाऱ्यांनीही ड्रॅग लिंकचा उतार एकदा बघावा, दुखणं त्याच जातीचं आहे.

कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) ६ अंशांवर आहे, तिथे हात लावत नाही. टाय रॉड अ‍ॅक्सलच्या मागेच ठेवलाय, म्हणजे अ‍ॅकरमन (वळताना आतलं चाक जास्त वळवणारी रचना) शाबूत.

पॅनहार्डचे ब्रॅकेट सध्या नुसते टॅक केलेत (ठिपक्यांनी तात्पुरते जोडलेत). पूर्ण वेल्ड करण्याआधी पाट्याची सगळी पानं आणि इंजिनचं वजन आल्यावर गाडीची उभी असतानाची उंची पुन्हा मोजणार, कारण उतार त्याच उंचीला जुळायला हवा. टोकांना रबर बुश घेतोय; हाइम जॉइंटचा (धातूच्या गोळ्याच्या सांध्याचा) खडखडाट मला सोसत नाही.